सुट्टीत घरची प्रार्थना, वचन, उपासना: तुमच्याकडे काय चालतं? (इंदूर)

पलासियावाली

सगळ्यांना सलाम. (जोशीकाका, हा आमचा नमस्कार. मागच्या धाग्यावर तुम्ही विचारलं होतं.)

आम्ही इंदूरचे, मूळ नगरकडचे. मुलगी सहावीत गेली, मुलगा नववीत. मेच्या पहिल्या आठवड्यात चर्चची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) झाली. गाणी, नाटुकलं, कागदी टोप्या, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, समोसा आणि फ्रूटी. झालं. आता संडे स्कूल थेट शाळा उघडल्यावर. शिकवणाऱ्या ताई गावी, पाळकसाहेब रजेवर, रविवारी निम्मे बाक रिकामे. परवा मुलगा म्हणतो, "मम्मी, देवालापण समर व्हेकेशन असते का?" सासूबाईंनी डोळे वटारले. मला हसू आलं आणि मग ते वाक्य डोक्यातून जाईना.

माझं मत असं की आपल्या बऱ्याच घरांत मुलांची श्रद्धा ट्यूशनसारखी बाहेर लावलेली असते. रविवारी सोडायचं, दीड तासाने आणायचं. सुट्टी लागली की दिसतं, घरात आपलं म्हणून काय चालतं ते.

त्यात भाषेचा घोळ. चर्चमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी, घरी मराठी. सासूबाई मराठीतून लांबलचक प्रार्थना करतात, मुलं "आमेन"वर अगदी वेळेत येतात, मधलं किती पोचतं कोण जाणे.

महिनाअखेरीस नगरला जायचंय. कृपया टाईमटेबल देऊ नका, ते फ्रिजवर चिकटवून आम्ही विसरतो. मला हे हवंय: तुमच्या लहानपणीच्या सुट्टीतलं नेमकं काय आजपर्यंत टिकलं? आणि आता पोरांसोबत काय करता?

सिमरोल_घाट

वाचतेय. आमच्याकडेही हीच रड.

नगरी_आबा

सलाम पलासियाताई. टाईमटेबल नको म्हणालात, तरी देतो. वयाचा मान ठेवा.

बायबलमधल्या नीतिसूत्रांचे ३१ अध्याय, मे महिन्याचे ३१ दिवस. जी तारीख, तो अध्याय. रात्री आठ वाजता सगळं घर चटईवर. टीव्ही बंद, पाहुणा आला तर तोही चटईवर. आमच्या वडिलांनी ही शिस्त लावली, मी माझ्या मुलांना लावली. मुलं कुरकुर करतातच, आंघोळीलाही करतात. म्हणून आपण आंघोळ बंद करतो का?

शिकंजी_डबल

आबा, आदर ठेवून पूर्ण असहमत.

आमच्याकडेही आठ वाजताची चटई होती. पण पप्पांची प्रार्थना म्हणजे आमच्या दिवसभराच्या गुन्ह्यांचं जाहीर वाचन. "हे दयाळू पित्या, तुझ्या या लेकराने आज शेजाऱ्यांच्या काचेवर चेंडू मारला, त्याला सुबुद्धी दे. गणितात तो मागे आहे, त्याचं चित्त मोबाईलवरून काढ." देवाचं नाव घेऊन फटके आम्हाला! बहीण तर डोळे मिटण्याआधीच म्हणायची, "आज कोणाची पाळी?" डोळे मिटलेल्या माणसाला उलट उत्तरही देता येत नाही ना.

भिया, मुलांना प्रार्थनेचा वीट येतो तो वेळेमुळे नाही. मोठे लोक देवाशी बोलता बोलता त्यांच्यावरच रोख धरतात, त्यामुळे येतो. माझा एकच नियम आहे: मुलांसमोर प्रार्थना करताना मुलांच्या चुका नाहीत. आपल्या स्वतःच्या चालतील.

नगरी_आबा

शिकंजी, तुमचे पप्पा आणि मी एकाच संडे स्कूलचे विद्यार्थी दिसतो. सूनबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ हसत होत्या. का, ते विचारलं नाही.

सिमरोल_घाट

नीतिसूत्रे सहावीच्या मुलीला? "आळश्या, मुंगीकडे जा" संपलं की पुढे तिला काय कळणार? त्यापेक्षा गोष्ट असलेलं द्या. योना चार अध्याय, रूथ चार अध्याय, आठ दिवसांत दोन पुस्तकं पूर्ण आणि पुस्तक संपवल्याचा आनंद वेगळा. मोठ्याला मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र द्या, सोळा अध्याय, शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि नुसती धावपळ: येशू इथून तिथे, तिथून होडीत.

माझ्या पोराला आवडलेली गोष्ट मात्र शास्ते (बायबलचंच पुस्तक), अध्याय ३. डावखुरा एहूद आणि लठ्ठ राजा एग्लोन. तलवार चरबीत रुतून बसते ती. सांगायला लाज वाटते, पण त्याने ती तीनदा वाचून घेतली.

सराफ्यातला_जोशी

आमच्याकडे शुभंकरोतीची हीच गत आहे हो. आजी असेपर्यंत चाललं. आजी गेली, दिवा अलेक्साच्या बाजूला, आणि नातू तिलाच सांगतो म्हणायला. ती म्हणतेसुद्धा!

एक अडाणी प्रश्न. पलीकडच्या गल्लीतले थॉमस सर म्हणत होते की ईस्टर झाला तरी तुमचा सीझन संपत नाही, मे-जूनमध्ये आणखी एक मोठा सण असतो. कोणता? आमच्या माहितीत ख्रिसमस, गुड फ्रायडे आणि केक.

दौंड_गाडी

काका, पेंटेकॉस्ट. ईस्टरचा रविवार पहिला धरला तर पन्नासावा दिवस. त्याच्या दहा दिवस आधी, ईस्टरपासून चाळीसाव्या दिवशी, गुरुवारी, येशूचं स्वर्गारोहण. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो, म्हणून पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जूनमध्ये. म्हणजे दर वर्षी आपल्या सुट्टीतच! मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वाढदिवस म्हणतात त्याला, आणि त्या दिवशी मंडळी कुठे? पचमढीला, नाहीतर मामाच्या गावी.

पलासियाताई, यावरूनच सांगते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मुलांना वाचून दाखवा. यरुशलेमेत देशोदेशीचे लोक जमलेत आणि प्रत्येकाला शिष्यांचं बोलणं स्वतःच्या भाषेत ऐकू येतं. तुमच्या घरात तीन भाषा आहेत, कृत्यांमध्ये तर पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, अरब अशी लांब यादी आहे. माझ्या मुलीने त्या यादीतले देश नकाशावर शोधले. शाळेचा प्रोजेक्ट नसताना. भाषेचा घोळ म्हणू नका, त्या दिवसाची हजेरी म्हणा.

मे_महिन्याची_माळ

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे मे म्हणजे मरियेचा महिना, त्यामुळे सुट्टी उलट गजबजलेली. कॉलनीत रोज एका घरी संध्याकाळी जपमाळ. माळेतला एकेक दशक (दहा मण्यांचा भाग) मुलं चालवतात, छोट्यांना सुद्धा पाळी मिळते. चुकलं तर मागून चार आज्या एकदम दुरुस्त करतात. नंतर ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे खाणं: कुठे साबुदाणा वडा, कुठे भुट्ट्याचा कीस, केरळच्या लोकांकडे केळ्याचे वेफर. मुलं कशासाठी येतात असं विचारू नका. येतात.

आणखी एक. दोन वर्षांमागे आम्ही मुलांना उदयनगरला घेऊन गेलो. देवास जिल्ह्यात आहे, इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथे सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. भूमिहीन, कर्जात बुडालेल्या आदिवासींसोबत काम करायच्या, त्यामुळे सावकार मंडळींच्या डोळ्यांत सलायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा आम्ही गर्दीत होतो. परदेशी संतांची चित्रं पाहून मुलांना वाटतं हे सगळं युरोपात घडतं. इथे आपल्या बसच्या रस्त्यावर घडलं.

सिमरोल_घाट

माळताई, पण बसमधला खून सहावीच्या मुलीला सांगायचा? रात्री झोपेल का ती?

(मघाशी एहूदची तलवार मीच सांगितली, माहीत आहे. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं.)

मे_महिन्याची_माळ

खुनाचे तपशील मी सांगत नाही. पुढचं सांगते. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधून आली. कुटुंबाने त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठीही त्यांनी शब्द टाकला. २००६ मध्ये तो सुटला, नंतर केरळला जाऊन सिस्टरच्या आईवडिलांना भेटला.

माझ्या मुलाने गाडीत विचारलं, "त्याला पश्चात्ताप झालाच नसता तर? तरी राखी बांधली असती का?" नवरा म्हणाला, गाणं लाव. मी म्हटलं, नको. खुडैल येईपर्यंत आमच्यात वाद चालला. मुलाचं म्हणणं, आधी सॉरी, मग क्षमा. मुलीचं म्हणणं, राखी बांधली म्हणून तर त्याला सॉरी वाटलं असेल. निकाल लागला नाही. अशी चर्चा धर्मशिक्षणाच्या वर्गात मी कधी ऐकली नव्हती.

नगरी_आबा

माळताई, आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी माळ जपत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण घरोघर फिरण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. साबुदाणा वड्यासहित.

पेटीवाला

मूळ प्रश्न, लहानपणीचं काय टिकलं? माझ्यापुरतं: गाणी. प्रवचन एकही आठवत नाही. ना. वा. टिळकांची भजनं मात्र अर्ध्या झोपेत म्हणून दाखवेन.

सुट्टीत आजोबा ओट्यावर पेटी घेऊन बसायचे. नगर, राहुरी, श्रीरामपूर भागात भजनाला टाळ, ढोलकी, पेटी असं सगळं असायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवीचा कान घेऊनच आले, त्यामुळे ती गाणी शेतातल्या माणसाच्या तोंडी बसली. आजच्या मुलांना मोबाईलवर ट्रॅक लावून हिंदी-इंग्रजी वर्शिप साँग म्हणायची सवय. वाईट नाही. पण ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, पेटी थांबते. भाचीने ओळ विसरली की मी तोच सूर धरून बसतो, ती आठवते, पुढे जातो.

इंदूरच्या मुलांना देवनागरी येतेच, हिंदीमुळे. त्यामुळे मराठी गाण्याचं पुस्तक हातात दिलं की ती वाचतात. अर्थ विचारायला आजीकडे जातात. आजीला आणखी काय हवं असतं?

मोबाईलमधलं_बायबल

आजकाल पुस्तक कोण उघडतं? ॲपमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही समोरासमोर दिसतं, ऑडिओ आहे, रोजचं वचन नोटिफिकेशनने येतं.

शिकंजी_डबल

आणि त्या नोटिफिकेशनच्या खाली क्रिकेटच्या स्कोअरचं येतं. मग वचन राहतं बाजूला.

मोबाईलमधलं_बायबल

तो दोष ॲपचा की बोटाचा?

सराफ्यातला_जोशी

टिळकांवरून आठवलं, लक्ष्मीबाई टिळक शाळेत धड्याला होत्या आम्हाला. काय लिहायची बाई! अवांतर: इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात किशोरकुमार शिकायला होते, आणि कँटीनवाल्याची उधारी ठेवून गेले असं आमचे वडील हमखास सांगत. ती त्यांनी गाण्यात फेडली म्हणे.

पेटीवाला

काका, कॉलेज १८८७ चं, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काढलेलं. कितीतरी वर्षं त्यांनी इथे शिकवलं आणि इंदूरकरांना आठवते काय, तर उधारी.

दौंड_गाडी

किशोरकुमार पुरे. लक्ष्मीबाईंवर थांबू या जरा, कारण पलासियाताईंच्या नववीतल्या मुलासाठी मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. कितीतरी काळ दोघं वेगळे राहिले, नंतर एकत्र आले तरी सोवळंओवळं, वेगळं पाणी, सगळं चालू. टिळकांनी बळजबरी केली नाही. शेवटी १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आणि टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट होतं, ते पूर्ण केलं कोणी? लक्ष्मीबाईंनीच. ज्या बाईला ओढून नेलं नाही तिनेच पुढे काम तडीस नेलं. आबा, तुमच्या आठच्या चटईवर हे एकदा वाचा.

दुसरं. ताई, नगरला जाताना दौंडवरूनच जाणार असाल. सामान नातेवाइकांकडे टाका आणि पुण्याच्या बाजूला थोडं मागे केडगावला जा, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. आधी फोन करून वेळ विचारा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या बाजूला, जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना शिकवलं, छापखान्यात उभं केलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते छापलं त्या मुलींनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. माझी मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे जिला कोणी भाकरी देत नव्हतं तिने बायबल छापलं?" मी काही जोडलं नाही त्यात.

दहावीत_आहे_वाचवा

मम्मीच्या अकाउंटवरून नाही, माझ्याच अकाउंटवरून लिहितोय. मोठ्यांना एक सांगायचंय.

आम्हाला व्हीबीएसमध्ये आता "मोठे झालात" म्हणून घेत नाहीत आणि तरुण संघात "लहान आहात" म्हणून. मधल्या मुलांनी काय करायचं? यंदा आमच्याकडच्या एका अंकलनी मला छोट्यांच्या वर्गात पपेट चालवायला दिलं. योनाला गिळणारा मासा मी होतो. त्यासाठी योना नीट वाचावा लागला, आणि कळलं की शेवटच्या अध्यायात तो देवावर चिडून बसलेला असतो आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर नाहीच. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! सगळे माशापाशीच थांबतात.

पलासिया आंटी, तुमच्या मुलाला काहीतरी काम द्या. आणि तो व्हेकेशनवाला प्रश्न भारी आहे. ओरडू नका त्याला.

नगरी_आबा

शाब्बास रे माशा.

माहेर_ग्वाल्हेर

थोडा वेगळा प्रश्न. माझं माहेर ग्वाल्हेरचं, हिंदू. लग्नानंतर मी ख्रिस्ती झाले. मुलांची अर्धी सुट्टी आजी-आजोबांकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. तिथे संध्याकाळी आरती होते. मुलं टाळ्या वाजवतात, प्रसाद खातात. आईबाबा प्रेमाने वागतात, एकदाही टोमणा नाही. पण परत आल्यावर चर्चमधल्या एकीने मला ऐकवलं की मुलं "मिक्स" होतील. तुम्ही काय केलं असतं?

यार्देन_पलीकडे

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. दानिएल अध्याय ३ वाचा. तिघं मित्र राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत, भट्टीत गेले. मुलांना लहानपणीच रेषा कळली पाहिजे. आजीवर प्रेम करा, आरतीच्या वेळी बाहेर अंगणात.

नगरी_आबा

यार्देन, त्याच पुस्तकाचा सहावा अध्यायही वाचा. दानिएलने परक्या राजाच्या दरबारात आयुष्य काढलं, परक्यांची विद्या शिकला, त्यांनी ठेवलेलं नाव वागवलं. पण यरुशलेमेकडची खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. लोकांची खिडकी बंद करायला गेला नाही, आपली उघडी ठेवली.

माहेरताई, आजोबांच्या घरात आजोबांची रीत. मुलांनी तिथे आदराने उभं राहावं, आरती म्हणू नये, आणि झोपताना आपली प्रार्थना करावी, आजोबांना कळेल अशी, लपून नाही. मी कडक माणूस आहे हे धाग्यावर सिद्ध झालंच आहे, तरी माझं हे मत.

यार्देन_पलीकडे

आबा, तुमच्याशी सहमत नाही. पण खिडकीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

माहेर_ग्वाल्हेर

आबा, धन्यवाद. गंमत म्हणजे झोपताना प्रार्थना करायची आठवण मुलांना माझे बाबाच करतात. "तुमचं ते झालं का?" असं विचारतात.

सराफ्यातला_जोशी

त्या बाबांना माझा नमस्कार. आणि सलामसुद्धा.

पलासियावाली

दोन दिवस यायला जमलं नाही, आणि इथे पंगत बसलेली. सगळ्यांचे आभार.

मुलाला दहावीवाल्याचा प्रतिसाद दाखवला. त्याने योनाचा चौथा अध्याय उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला, "हे तर क्लिफहँगर आहे." पुढे काही बोलला नाही, पण रात्री मार्क उघडलेला दिसला. मी विचारलं नाही कितवा अध्याय. शिकंजींचा नियम सासूबाईंना सांगितला. त्यांचं उत्तर: "मग मी प्रार्थनेत बोलू काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांबद्दल आणि माझ्या दिवंगत सासऱ्यांबद्दल प्रार्थना केली. सासरे कसे होते हे मुलीला पहिल्यांदा कळलं, मग तासभर गप्पा.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आहे ना, घरी बसला असता, वाटेने चालत असता, निजताना, उठताना मुलांशी या वचनांविषयी बोल. त्यात वर्ग, वही, हजेरी कुठे नाही, हे माळताईंच्या गाडीतल्या वादावरून लक्षात आलं. तरी आबा, चटई पूर्ण मोडीत काढत नाहीये. आठऐवजी साडेनऊ, गच्चीवर. मेमध्येसुद्धा इंदूरला रात्री वारा सुटतो, खाली कूलरच्या आवाजात देवालाही ओरडून सांगावं लागतं.

आता नगरचं. पेंटेकॉस्टच्या रविवारी आम्ही तिथेच असू. केडगाव नक्की. पण तिथली मराठी उपासना तास-दीड तासाची, मुलं कंटाळणार. काय करू?

पेटीवाला

आधी विचारून घ्या त्या रविवारी कोणती गाणी आहेत. दोन आत्ताच घरी शिकवा. ओळखीचं गाणं लागलं की मुलं सरळ बसतात. आणि नगरला गाण्याची पुस्तकं मिळतात, इंदूरला शोधून मिळत नाहीत. माझ्यासाठी दोन आणा, पैसे लगेच पाठवतो.

सिमरोल_घाट

मलाही एक.

नगरी_आबा

मला मोठ्या अक्षरांची मिळाली तर बघा. नाहीतर राहू द्या, तोंडपाठ आहेत. सूनबाईंना हवीय.